गेटवरचा शिक्का

दरवर्षी एमबीएच्या दुसऱ्या वर्षाचा पहिला तास असतो, तेव्हा मी फळ्यावर एक चलन काढते. वर वर्कशॉपच्या नावाची जागा, ती रिकामी ठेवते. खाली 'बुश, १२,००० नग'. उजव्या कोपऱ्यात एक गोल आणि त्यात 'गेट इनवर्ड, १८ मार्च २००५'. शेजारी एक चौकट. तिच्यात जीआरएनची, म्हणजे माल रीतसर ताब्यात घेतल्याच्या पावतीची तारीख लिहिते: २ एप्रिल २००५. मग खडू खाली ठेवते आणि विचारते, "मधल्या पंधरा दिवसांत काय झालं असेल?"

मुलं पटापट बोलायला लागतात. तपासणीला वेळ लागला असेल. सिस्टिम बंद पडली असेल. माल चुकून दुसऱ्या प्लॅन्टला उतरला असेल. मग मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणतं, "मार्च एन्ड, मॅम." वर्ग हसतो. दोन-तीन वर्षं नोकरी करून आलेली चार-पाच मुलं असतात, ती मात्र हसत नाहीत. ती माझ्याकडे बघत राहतात.

"मार्च एन्डच," मी म्हणते. "आणि माल थांबवणाऱ्या कागदावर सही माझी आहे."

पिंपरी-चिंचवडच्या पट्ट्यात वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत मी सतरा वर्षं पर्चेसमध्ये होते. त्या वर्षी मार्चच्या मध्याला वरून निरोप आला की, पंधरा तारखेनंतर येणाऱ्या मालाची जीआरएन एक एप्रिलपर्यंत करायची नाही. वर्षअखेरीला गोदामातला साठा ठरलेल्या आकड्याच्या आत दिसायला हवा होता. माल आलाच नाही असं कागदावर दाखवलं की साठाही कमी दिसतो आणि देणंही. पण माल तर आवारात उभा होता. ऑडिटर एकतीस तारखेला मोजायला येणार होते. म्हणून प्रत्येक क्रेटला लाल टॅग लावायचा, 'होल्ड' लिहायचं आणि खाली कारण द्यायचं. मी कारण लिहिलं, 'मापांची फेरतपासणी बाकी'. क्वालिटीच्या मुलाने प्लग गेज लावून तो माल १९ तारखेलाच पास केला होता. त्याचा रिपोर्ट माझ्याच ट्रेमध्ये पडला होता.

माल भोसरीच्या एका काकांचा होता. दोन लेथ, चार कामगार, पत्र्याची शेड. आमच्या अटीप्रमाणे जीआरएनपासून साठ दिवसांनी पैसे मिळायचे, आणि चेक निघायचे महिन्याच्या पंचवीस तारखेला. १८ मार्च धरला असता तर त्यांचा चेक मे महिन्यात निघाला असता. २ एप्रिल धरल्यावर साठ दिवस जूनमध्ये गेले आणि चेक निघाला २५ जूनला. कागदावर पंधरा दिवस पुढे सरकले, काकांच्या हातात महिना उशिरा पैसे पडले. त्या महिन्यात बँकेचा हप्ता होता, पगार होते. मे महिन्यात त्यांनी दोनांतला एक लेथ विकला.

२८ मार्चला ते चौकशीला आले होते. पर्चेसच्या बाहेरच्या बाकावर बसले, कॅन्टीनच्या पोऱ्याला सांगून माझ्यासाठीही चहा मागवला. मी दारातच म्हटलं, "काका, घाईत आहे. तुमचा माल होल्डवर आहे."

त्यांनी विचारलं, "माप चुकलं का मॅडम?"

मी म्हटलं, "तपासणी चाललीय." आणि आत गेले.

चाळीस वर्षं लेथवर उभ्या राहिलेल्या माणसाला मी त्याचं माप चुकलं असेल असं वाटू दिलं. पैशांपेक्षा ती गोष्ट मला जास्त लागली. अजून लागते.

नोकरी सोडून २०१२ मध्ये पुण्यातल्या एका व्यवस्थापन संस्थेत शिकवायला लागले, तेव्हा 'बिझनेस एथिक्स' हा विषय माझ्याकडे आला. इतर कुणाला नको होता म्हणून आला. मला मात्र तो हवाच होता. पहिली दोन वर्षं मी पुस्तकाप्रमाणे शिकवलं. कांटचं कर्तव्य, मिलचं जास्तीत जास्त लोकांचं हित, रॉल्सचा न्याय. मग एक प्रसंग द्यायचा आणि विचारायचं, 'या ठिकाणी तुम्ही काय कराल?' साठ पेपर यायचे आणि साठांत उत्तर एकच असायचं: योग्य तेच करू. त्याच काळात एका असाइनमेंटमध्ये चौदा जणांनी एकच मजकूर दिला. विषय होता 'कामाच्या ठिकाणचा प्रामाणिकपणा'. चौदाही जणांच्या मजकुरात 'कर्तव्य' या शब्दाची चूक एकसारखीच होती. मी त्यांना बोलावलं, रागावले, गुण कापले. घरी आल्यावर मात्र बराच वेळ बसून राहिले. त्या मुलांना चोरी वाईट हे माहीत नव्हतं का? नक्की माहीत होतं. २८ मार्चला मलाही बरोबर काय ते माहीत होतंच. माहीत असण्याचा आणि तोंडातून शब्द निघण्याचा संबंध मी गृहीत धरत होते. तो आपोआप जुळत नाही.

तेव्हा मी शोधायला लागले की हे तुटतं नेमकं कुठे. दोन गोष्टी हाताशी लागल्या आणि आजही दरवर्षी मी त्या वर्गात सांगते.

पहिली डेनिस जिओया यांची. एमबीए करून ते १९७२ मध्ये फोर्डमध्ये लागले आणि पुढच्या वर्षी गाड्या परत मागवण्याचं काम बघणाऱ्या विभागात समन्वयक झाले. पिंटो नावाच्या लहान गाडीला मागून धडक बसली की टाकीतून पेट्रोल गळून आग लागते, अशा तक्रारी त्यांच्या टेबलावर येत होत्या. जळून कोळसा झालेली एक पिंटो त्यांनी डोळ्यांनी पाहिली होती. तरीही गाड्या परत मागवू नयेत, या बाजूने त्यांनी मत दिलं. फोर्डने सुमारे पंधरा लाख पिंटो परत मागवल्या त्या १९७८ मध्ये. तोवर जिओया फोर्ड सोडून गेले होते. १९९२ मध्ये त्यांनी स्वतःबद्दल एक प्रांजळ लेख लिहिला. त्यात त्यांचं म्हणणं असं की, रोज येणाऱ्या ढीगभर तक्रारी निपटायला मनात एक साचा तयार झाला होता, किती अपघात, कारण सापडतंय का, प्रमाण वाढतंय का. त्या साच्यात बरं-वाईट विचारणारा रकानाच नव्हता. त्यांच्या स्वतःकडेही पिंटो होती, आणि ती त्यांनी बहिणीला विकली. हे सांगितलं की वर्गात कुणीतरी हमखास मान वर करतं. बहिणीला विकली म्हणजे या माणसाच्या मनात खोट नव्हती. त्याला धोका दिसलाच नव्हता. मला हा लेख वाचल्यावर आमची होल्ड नोट आठवली. तिच्यावर मालाचा कोड होता, नग होते, कारण होतं, सहीची जागा होती. काकांसाठी कुठे रकाना नव्हता.

दुसरी गोष्ट घाईची. १९७३ मध्ये प्रसिद्ध झालेला डार्ली आणि बॅटसन यांचा प्रयोग. प्रिन्स्टनला धर्मशास्त्र शिकणाऱ्या विद्यार्थ्यांना एका इमारतीतून दुसरीकडे छोटं भाषण द्यायला पाठवलं. काहींचा विषय होता बायबलमधली ती परोपकारी शोमरोनी माणसाची गोष्ट, वाटेत पडलेल्या जखमी माणसाला मदत करणाऱ्याची. वाटेवर एका दारात एक माणूस वाकून कण्हत, खोकत बसवलेला होता. ज्यांना वेळ भरपूर आहे असं सांगितलं होतं त्यांतले ६३ टक्के थांबले. उशीर झालाय, पळा, असं ज्यांना सांगितलं होतं त्यांतले १० टक्के थांबले. परोपकाराच्या गोष्टीवर बोलायला निघालेल्यांना त्या गोष्टीचा फारसा उपयोग झाला नाही. हे आकडे मी फळ्यावर लिहिते आणि शेजारी माझं वाक्य लिहिते: 'काका, घाईत आहे.'

शिकवण्याची पद्धत बदलायला मात्र मेरी जेंटाइल यांच्या कामाचा आधार झाला. 'गिव्हिंग व्हॉइस टू व्हॅल्यूज' हे त्यांचं पुस्तक २०१० चं. त्यांनी प्रश्नच फिरवला. बरोबर काय, हे तुम्हाला ठाऊक आहे असं धरून चालू. आता ते कुणाला, केव्हा, कोणत्या शब्दांत सांगाल? त्याची तयारी करा, तोंडाने म्हणून बघा. मला हे वाचताच पटलं. आपल्याकडे गाणं शिकणारा माणूस राग समजला म्हणून उठत नाही, तो गळ्यावर चढेपर्यंत बसतो. मग नोकरीतलं सगळ्यांत अवघड वाक्य आयुष्यात पहिल्यांदा थेट साहेबांसमोर म्हणायचं, ही अपेक्षा आपण मुलांकडून का करतो?

तेव्हापासून आमच्या तासाला बाकं भिंतीला लावलेली असतात. मध्ये टेबल, दोन खुर्च्या. एक जण साहेब, एक जण ज्युनिअर. वेळ चार मिनिटं, कारण खऱ्या ऑफिसात त्याहून जास्त मिळत नाही. पहिला प्रसंग नेहमी माझाच: १८ मार्चचा माल, २ एप्रिलची जीआरएन, लाल टॅग, आणि साहेब म्हणतात, "सही करून टाक."

सुरुवातीला दोनच प्रकार बघायला मिळतात. काही मुलं भाषण करतात. "सर, हे तत्त्वात बसत नाही," इथून सुरू होऊन पार देशाच्या अर्थव्यवस्थेपर्यंत पोचतात. साहेब झालेला मुलगा वैतागतो आणि खरोखरच्या साहेबासारखं म्हणतो, "झालं? आता सही कर." बाकीची मुलं दोन वाक्यांत गप्प होतात. एका मुलीने पेन उघडून हवेत सही केली आणि मग स्वतःच्या हाताकडे बघत राहिली. कुणी काही बोललं नाही. मीही तिला काही विचारलं नाही.

पाचेक वर्षांपूर्वीच्या एका तुकडीत लातूरचा एक मुलगा होता. अबोल, इंग्रजीला बिचकणारा. त्याची पाळी आली तेव्हा तो खुर्चीवर नीट बसला आणि मराठीतच बोलला: "सर, गेटचा शिक्का अठराचा आहे आणि क्वालिटीचा रिपोर्ट एकोणीसचा. ऑडिटवाल्यांनी दोन्ही शेजारी ठेवले तर मी काय सांगू? तुमचं नाव मला घ्यायचं नाहीये."

साहेब झालेल्या मुलाला उत्तर सुचेना. चार मिनिटं संपली.

मी त्याला विचारलं, हे कुठून आलं? तो म्हणाला, त्याचे वडील लातूरच्या मार्केट यार्डात आडत दुकानावर मुनीम आहेत. शेतकऱ्याच्या सोयाबीनचं, तुरीचं माप झालं की त्यातून कडता कापतात, कचरा-मातीच्या नावाने क्विंटलमागे काही वजन. मग हमाली, तोलाई वजा करून हिशेबपट्टी हातात देतात. पट्टी घेऊन माणूस मुकाट निघून जातो. "बाबा पट्टी वाचून दाखवायचे, मॅम. मोठ्याने. माल किती भरला, कडता किती गेला, हातात किती. मालक म्हणायचे, वाचता कशाला, लिहिलंय की. बाबा म्हणायचे, त्याच्याकडे चष्मा नाहीये."

त्यावर मालक काय बोलणार? कडता त्यामुळे बंद झाला नाही. पण मोठ्याने वाचायचा आहे म्हटल्यावर तो वाढवताना हात आखडायला लागला, एवढं त्या मुलाने लहानपणी पाहिलं होतं. व्यवस्थापनाच्या नैतिकतेवर मी जेवढं वाचलंय त्यात मला या मुनीमजींच्या वाक्याच्या तोडीचं फार थोडं सापडलं. आरोप नाही, धमकी नाही, मालकाचा अपमान नाही, आणि तरी जे अंधारात चालायचं ते उजेडात आलं. त्या तुकडीत 'चष्मा नाहीये' हा परवलीचा शब्द होऊन बसला. कुणी भाषण करायला लागलं की बाकीचे म्हणायचे, "चष्म्याचं वाक्य शोध."

अशी वाक्यं शोधताना मुलांच्या हळूहळू लक्षात येतं की, हातात एखादा साधा कागद असला तर आवाज स्थिर राहतो. साहेबांना अडवण्यापेक्षा त्यांना सोबत घेऊन विचारलं तर ते ऐकतात. आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे वेळ. एकतीस मार्चला संध्याकाळी काहीच होत नसतं. जे बोलायचं ते पंधरा तारखेला, निरोप आला त्याच दुपारी, सगळ्यांचे चेहरे अजून मोकळे असताना बोलायचं.

सत्यम कंपनीच्या घोटाळ्याचा तास यानंतर घेते. आधी घेतला तर मुलं फक्त तिचे अध्यक्ष रामलिंग राजू यांच्याकडे बघतात. ७ जानेवारी २००९ ला त्यांनी संचालक मंडळाला लिहिलेल्या पत्रात ५,०४० कोटींची रोख आणि बँकेतली शिल्लक खोटी असल्याची कबुली होती. फरक सुरुवातीला किरकोळ होता आणि वर्षागणिक वाढत गेला, असं पत्रातच म्हटलं होतं. त्याच्या काही महिने आधीच कंपनीला उत्तम कारभारासाठी पुरस्कार मिळाला होता. संचालक मंडळावर व्यवस्थापनशास्त्राचे नामांकित प्राध्यापक होते. हे वाक्य मी मुद्दाम सावकाश म्हणते, कारण मीही हाच विषय शिकवते. २०१५ मध्ये शिक्षा झाली ती राजू यांच्यासह दहा जणांना. तपासात सात हजारांहून जास्त बनावट बिलं निघाली. मी मुलांना म्हणते, अध्यक्षांना बाजूला ठेवा. त्या बिलांचा विचार करा. एवढी बिलं एकट्या माणसाच्या हातून होत नाहीत. कुणीतरी सकाळी डबा घेऊन ऑफिसात आलं असेल, कॉम्प्युटर सुरू केला असेल आणि पहिलं बिल केलं असेल. त्याला कुणी काय सांगितलं असेल? त्याने काय विचारलं असेल? त्या माणसाच्या खुर्चीत बसा आणि चार मिनिटं बोला.

यावर एक प्रश्न दरवर्षी येतो, आणि मी त्याला बगल देत नाही. "मॅम, बोललो आणि जीवच गेला तर?" मंजुनाथ षण्मुगम यांचं नाव मुलांना माहीत असतं. आयआयएम लखनौहून एमबीए झालेला, इंडियन ऑइलचा तरुण विक्री अधिकारी. उत्तर प्रदेशात लखीमपूर खेरीला भेसळ करणाऱ्या पेट्रोल पंपावर कारवाई केली म्हणून १९ नोव्हेंबर २००५ ला त्याला गोळ्या घालून मारलं. वय २७. मी त्या होल्ड नोटवर सही केली त्याच वर्षी. आपल्याकडे मनमाडजवळ २५ जानेवारी २०११ ला मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना इंधन भेसळवाल्यांनी जिवंत जाळलं. या दोघांची नावं घेताना माझा आवाज अजूनही बदलतो. मुलांनी असं मरण पत्करावं, असं कुठलाही शिक्षक म्हणू शकत नाही. मी एवढंच दाखवते की, दोघेही त्या क्षणी एकटे पडले होते. आणि मग खुर्च्यांची अदलाबदल करते.

आता परीक्षा साहेबाची. समोरचा ज्युनिअर घाबरत काहीतरी सांगायला आलाय. तुमचं पहिलं वाक्य काय असेल?

नेतृत्व म्हणून जे काही शिकवायचं ते मला या उलट्या खुर्चीतच सापडलं. कारण ही मुलं पाच-सात वर्षांत साहेब होतात आणि त्यांच्याकडे कुणीतरी असंच येऊन उभं राहतं. "पुरावा आहे का?" हे पहिलं वाक्य असेल तर पुन्हा कुणी येत नाही. "तुझं काम कर" म्हटलं तर संपलंच. "बस. कधीपासून डोक्यात आहे?" असं एक मुलगी म्हणाली आणि समोरच्या मुलाचे खांदे खाली आले, सगळ्या वर्गाला ते दिसलं. २०१३ च्या कंपनी कायद्याने शेअर बाजारात सूचीबद्ध असलेल्या कंपन्यांना तक्रारीची गोपनीय यंत्रणा ठेवायला लावली आहे. लिफ्टजवळ तिचं पोस्टर असतं, त्यावर फोन नंबर असतो. तो असायलाच हवा. पण माणूस आधी साहेबांचा चेहरा बघतो, पोस्टर नंतर. माझे तेव्हाचे साहेब वाईट नव्हते. त्यांनाही वरून निरोप आला होता. मी त्यांना शिक्क्याबद्दल विचारलं असतं तर त्यांना वर घेऊन जायला निदान एक वाक्य मिळालं असतं. मी त्यांनाही ते दिलं नाही.

२०१७ मध्ये माझीच पाळी आली. मी शिकवत होते त्या संस्थेच्या माहितीपुस्तिकेचा मसुदा समितीपुढे आला. समितीत मी होते. त्यात 'सरासरी पॅकेज' ठळक छापलं होतं. ती सरासरी फक्त नोकरी लागलेल्यांची होती आणि दोन परदेशी नोकऱ्यांनी ती चांगलीच वर नेली होती. ज्यांना काहीच मिळालं नव्हतं ती मुलं हिशेबातच नव्हती. नव्या मुलांचे आईबाप त्या आकड्याकडे बघून शैक्षणिक कर्ज काढतात. माझ्या वर्गातल्या एका मुलीने मला कॉरिडॉरमध्ये विचारलं, "मॅम, ही पण जीआरएनच ना?"

मीटिंगमध्ये मी म्हटलं, "ही सरासरी किती मुलांची आहे, तो आकडा शेजारी छापूया का? पालक फोन करून विचारतात तेव्हा ऑफिसच्या मुलांना सांगता येत नाही." वाक्य आदल्या रात्री तीनदा म्हणून बघितलं होतं. तरी तळहात ओले झाले, घसा सुकला. पाच वर्षं दुसऱ्यांना शिकवून ही अवस्था. थोडी शांतता झाली आणि "पुढच्या वर्षी बघू" असं ठरलं. पुस्तिका तशीच छापली गेली. मी वर्गात येऊन जे झालं ते जसंच्या तसं सांगितलं, हरले हेही सांगितलं. पुढच्या वर्षी तो आकडा आला, सरासरीच्या खाली, बारीक अक्षरांत. त्या वर्षी मी समितीत नव्हते.

काकांना मी बरीच वर्षं टाळलं. २००६ चा सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांचा कायदा मी दरवर्षी शिकवते. पंचेचाळीस दिवसांच्या वर पैसे थकवता येत नाहीत, थकवले तर बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज. हे पंचेचाळीस दिवस जीआरएनपासून मोजायचे नाहीत, माल प्रत्यक्ष पोचला त्या दिवसापासून मोजायचे. म्हणजे कायद्याने गेटवरच्या शिक्क्याचा मान राखला. पण पंधरा दिवसांच्या आत लेखी हरकत घेतली तर ती दूर होईपर्यंत घड्याळ थांबतं. माझी होल्ड नोट आजही त्या फटीत बरोबर बसेल. व्याज मागण्याचा हक्क असला तरी लहान पुरवठादार तो सहसा बजावत नाही, पुढची ऑर्डर जाईल ही भीती असते. २०२३-२४ पासून आयकर कायद्यात नवं कलम लागू झालं: सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे पैसे मुदतीत न दिले तर तो खर्च त्या वर्षी वजावटीला मिळणार नाही. त्या वर्षी वर्गात सगळीकडे पंचेचाळीस दिवसांचीच चर्चा. मुलं म्हणाली, मॅम, एखाद्या व्हेंडरलाच भेटवा ना.

मी फोन केला. काकांच्या मुलाने उचलला आणि लगेच "या की" म्हणाला.

फेब्रुवारी २०२४ मध्ये आम्ही अठरा जण भोसरीला गेलो. शेड तीच, आत आता दोन सीएनसी मशीन, कूलंटचा तो ओळखीचा वास. काका पंच्याहत्तरीला टेकलेले, खुर्चीवर बसून मुलांना प्लग गेज हातात देऊन दाखवत होते. 'गो' बाजू अलगद आत गेली पाहिजे, 'नो-गो' बाजू तोंडाशीच अडली पाहिजे, जोर लावायचा नाही, जोर लावला की गेज खोटं बोलतं. मी मागे उभी होते. मुलांना मी सगळं सांगितलेलं होतं, हे काकांनाही माहीत होतं.

मग ते उठले, कपाटातून एक फाइल काढली. लेथ विकला त्या वर्षाची. चलनाची पिवळी प्रत अजून नीट होती, कडेला तेलाच्या अंगठ्याचा डाग, कोपऱ्यात जांभळा गोल शिक्का. मी फळ्यावर काढते त्यापेक्षा तो थोडा तिरपा होता.

"काका," मी म्हटलं, "तुम्ही मला विचारलं होतंत, माप चुकलं का म्हणून."

"माप चुकलं नव्हतं ते मला ठाऊक होतं," ते म्हणाले. "रात्रभर इथंच बसून तपासलेला माल होता. तुम्ही काहीतरी बोलाल म्हणून विचारलं."

कुणी हललं नाही. पुढे उभ्या असलेल्या एका मुलीने वहीत पेन धरलेलं होतं. तिने विचारलं, "मग मॅमनी काय म्हणायला हवं होतं?"

काकांनी जरा विचार केला. चलन पुन्हा फाइलमध्ये ठेवलं, गाठ बांधली.

"पैसे उशिरा यायचे ते येतातच पोरी, धंद्यात ते धरूनच चालतो आम्ही," ते म्हणाले. "'काका, माप बरोबर आहे.' एवढं म्हटलं असतं तरी चाललं असतं."